स्लॅबवरचा पत्रा

नारायणगावहून जुन्नरकडे किंवा मंचरहून घोडेगावकडे जाताना रस्त्याकडेच्या घरांच्या माथ्याकडे बघत जावं. दोन मजली आरसीसी घर, बाहेरून नवा रंग, गॅलरीला स्टीलचा कठडा, आणि वर स्लॅबवर लोखंडी अँगल उभे करून टाकलेला निळा नाहीतर पांढरा पत्रा. काही घरांवर तो वाळवणासाठी किंवा कांदा पसरायला असतो. पण घरमालकाला विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘स्लॅब गळत होता.’ ज्या छपरासाठी आयुष्यभराची पुंजी घातली, त्याच छपराला पावसापासून वाचवायला त्याने दुसरं छप्पर घातलेलं असतं. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत घर बांधणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, ते या पत्र्यापासून समजून घ्यायला हरकत नाही.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगतो. आपल्याकडे घर बिघडतं ते माल वाईट म्हणून कमी, आणि कामावर जाणतं माणूस उभं नसतं म्हणून जास्त. मालक असतो, मिस्त्री असतो. काम बरोबर होतंय की नाही हे बघणं हेच ज्याचं काम आहे, असा तिसरा माणूस नसतो.

घराचा विषय निघतो तो पैसा हातात आला की. एखाद्या वर्षी टोमॅटोला भाव लागतो, उसाचं बिल येतं, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळतो, किंवा मुंबईत माथाडीचं काम करून थकलेल्या माणसाचा फंड निघतो. मुंबईच्या डबेवाल्यांतही मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर याच पट्ट्यातली माणसं मोठ्या संख्येने आहेत. या चाकरमान्यांची गावाकडची घरं बरीचशी फोनवर बांधली जातात. भाऊ नाहीतर चुलते लक्ष ठेवतात, मिस्त्री व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो. फोटोत भिंत ओळंब्यात दिसते. पण तिच्याखालचा पाया मुरमाला टेकला की काळ्या मातीतच थांबला, हे फोटोत दिसत नाही. भावाला ते कळलं तरी मिस्त्री गावातला, कधी नात्यातला. त्याला तोंडावर बोलणार कोण?

काम दोन पद्धतीने दिलं जातं. मजुरीवर दिलं तर माल मालकाने आणायचा आणि चौरस फुटाला मजुरीचा दर ठरवायचा. मालासकट दिलं तर सगळं ठेकेदाराच्या अंगावर. दोन्हीत कागद नसतो. असलाच तर वहीच्या पानावर दर आणि वेळोवेळी दिलेली उचल. बीम केवढा, सळई किती एमएमची, कॉलमचा खड्डा किती खोल, प्लास्टर एका हाताचं की दोन, वॉटरप्रूफिंग कुणाकडे, गच्चीचं पाणी कुठून उतरणार, यातलं काहीही लिहिलेलं नसतं. मग मजुरीच्या कामात दोष निघाला की मिस्त्री म्हणतो, ‘माल तुमचा होता.’ मालासकटच्या कामात ठेकेदार म्हणतो, ‘त्या दरात तेवढंच बसत होतं.’ दोघांचंही म्हणणं खोडून काढायला मालकाकडे काही नसतं.

या भागाची म्हणून एक वेगळी अडचण आहे, आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. दोन तालुके शेजारी असले तरी त्यांत पाऊस आणि जमीन एकसारखी नाही. पश्चिमेला घाटघर, दुर्गवाडी, आहुपे आणि भीमाशंकरलगतच्या माथ्यावर चार महिने आडवातिडवा पाऊस. पूर्वेला बेल्हे, लोणी-धामणीकडे पाण्याची वानवा. जुन्या घरांना हा फरक ठाऊक होता. पश्चिमेला कारवीच्या कुडाच्या सारवलेल्या भिंती, त्यावर चांगलं खाली उतरलेलं छप्पर, आणि झड भिंतीवर येऊ नये म्हणून पावसाआधी बांधलेले आडोसे. पूर्वेला दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्याची घरं. आता दोन्हीकडे एकच घर बांधलं जातं: सपाट स्लॅब, वीतभर छज्जे, चौकोनी उंच दर्शनी भाग. पूर्वेला ते निभतं. पश्चिमेला पहिल्याच पावसाळ्यात भिंतीच्या बाहेरच्या अंगाने पाणी आत झिरपतं आणि पलंगामागच्या भिंतीला बुरशी धरते.

जमिनीचंही तसंच. कुकडी प्रकल्पाची येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं झाली, कालवे फिरले आणि कोरडवाहू काळी रानं बागायती झाली. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. घर मळ्यात, उसाच्या कडेला बांधलं की त्याच्या एका बाजूची माती बारमाही ओली राहते आणि दुसऱ्या बाजूची उन्हाळ्यात फाटते. घर एकसारखं न हलता एका कोपऱ्यात हलतं, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर वर जाते. मिस्त्री ती सिमेंटने भरतो, वरून पुट्टी मारतो, पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा उघडते. वर्षागणिक उघडमीट करणारी आणि तिरकी जाणारी चीर पायाची असते, आणि तिला भिंतीवरून औषध नाही. अशा जमिनीत मुरूम लागेपर्यंत खाली जावं, खड्ड्यात काढलेली काळी माती परत न टाकता मुरूम भरून ठोकावा, सगळे कॉलम जोत्याखाली प्लिंथ बीमने बांधावेत आणि घराभोवती फरसबंदी करून पाणी पायापासून लांब न्यावं. माती फार खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी विकसित केलेले, तळाशी फुगीर असलेले पाइल हा उपाय आहे. तिथे इंजिनिअरशिवाय हात घालू नये. पायाचा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो सगळ्यात आधी छाटला जातो. दर्शनी भागाला लावलेल्या टाइल्सच्या पैशात बहुतेक घरांचा पाया नीट झाला असता, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या घरांच्या दुरुस्तीत उलटी चूक होते. जुन्नरच्या पेठांमधले वाडे, गावोगावची मातीची घरं अजून राहती आहेत. त्यांच्या भिंतीला खालून ओल चढते, लोणा लागतो, गिलावा झडतो. मालक चांगल्या हेतूने वर सिमेंटचं प्लास्टर करून घेतो. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद झालं की ओल आतच कोंडते, आणखी वर चढते, भिंतीत बसलेलं लाकूड कुजतं. पाच-सहा वर्षांत प्लास्टर अख्ख्या चादरीसारखं सुटून येतं आणि आतली माती भुसभुशीत निघते. तिथे चुन्याचा नाहीतर मातीचाच गिलावा हवा, आणि त्याआधी भिंतीच्या पायथ्याशी साचणारं पाणी काढायला हवं. चुन्याचं काम जाणणारे गवंडी आता बोटांवर मोजण्याइतके राहिलेत, हे खरं आहे. पण मातीचा गिलावा करणाऱ्या बायका आजही प्रत्येक वाडीत आहेत. त्यांना रीतसर मजुरी देऊन हे काम का करून घेऊ नये?

आता स्लॅबच्या दिवसाकडे येतो, कारण पत्र्याची गोष्ट त्या दिवशी सुरू होते.

सकाळी मिक्सर आणि लिफ्ट येते, सोबत ठेक्याची गँग. मालक नारळ फोडतो. घरातली माणसं गँगच्या जेवणाच्या तयारीला लागतात, आणि ज्या दिवशी मालकाने कामावरून हलू नये त्याच दिवशी तो किराणा आणि मटणाच्या मागे असतो. खडी आणि वाळू पाट्यांनी मोजून पडते. पाणी मात्र पाइपने, अंदाजाने. स्लॅबला चालणारं सर्वांत हलकं काँक्रीट म्हणजे एम-२०, आणि आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे त्याला ५० किलोच्या एका गोणीमागे फार तर ३० लिटर पाणी. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. गँगला काँक्रीट पातळ हवं असतं, कारण ते पटकन पसरतं. ते जादा पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या राहतात. पावसाचं पाणी त्यांतूनच खाली येतं. व्हायब्रेटर असतो, पण बीमच्या गर्दीत तो नीट उतरवला जात नाही. खालून सेंटरिंग खोललं की तिथे खडी उघडी पडलेली दिसते, आणि प्लास्टरने ती झाकली जाते.

त्याच वेळी वर माणसं बांधलेल्या जाळीवरून ये-जा करत असतात. गॅलरीचं आणि छज्ज्याचं बळ वरच्या अंगाला बांधलेल्या सळईत असतं. ती पायाखाली दबून खाली बसली की छज्जा तयार होतो खरा, पण त्याचं बळ गेलेलं असतं. जाळीच्या खाली कव्हर ब्लॉक हवेत, म्हणजे सळईखाली किमान २० मिलिमीटर काँक्रीट राहतं. त्यांच्या जागी हाताला येईल ती खडी सरकवली जाते, ती निसटते, सळई फळीला टेकते. काही वर्षांनी त्या जागी छताचा पोपडा पडतो आणि गंजलेली सळई दिसू लागते. दुपारी जेवणाला काम थांबतं, दीड-दोन तासांनी पुढे सुरू होतं, आणि आधीच्या काँक्रीटला नंतरचं नीट धरत नाही. हा सांधा कुठे पडला हे संध्याकाळी कुणालाच आठवत नाही. जूनमध्ये पाणी तो दाखवून देतं.

पुढचा प्रश्न पाणी मारण्याचा. स्लॅब बहुतेक मार्च ते मे या काळात पडतात, पावसाआधी डोक्यावर छप्पर यावं म्हणून. उन्हाचा कडाका, पूर्वेकडे टँकर. आपल्याकडे सर्रास मिळणारं सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं. त्याला किमान दहा दिवस सतत ओल हवी आणि चौदा दिवस ठेवावी, असं मानक सांगतं. प्रत्यक्षात तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवला जातो. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवलं तर पाणीही कमी लागतं आणि कामही पक्कं होतं. हे पूर्वी प्रत्येक मिस्त्री करायचा. टेकू काढायचीही घाई असते, कारण सेंटरिंगच्या प्लेटा पुढच्या साइटवर जायच्या असतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा, बीमखाली चौदा ते एकवीस दिवस टेकू राहिले पाहिजेत. हे आकडे मालकाने कागदावर लिहून भिंतीला चिकटवून ठेवावेत.

हे सगळं मिस्त्रीच्या माथी मारून चालणार नाही. इथले बहुतेक गवंडी बापाच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली शिकले, आणि ते शिक्षण दगडमातीच्या, विटांच्या भिंतींचं होतं. आरसीसी त्यांनी बघून बघून उचललं. भिंत त्यांच्या हातात आहे. सळई कुठे ताण घेते हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मालक दर पाडून पाडून घेतात, अर्ध्या कामात खिडकी सरकवायला सांगतात, वरचा मजला वाढवतात, आणि शेवटचा हप्ता काहीतरी कुरापत काढून बुडवतात. कामावर बिगारी पडला तर दवाखान्याचा खर्च कुणी करायचा यावरून भांडण. वर्षात ९० दिवस काम केलेल्या मजुराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव नोंदवता येतं, पण त्यासाठी लागणारा कामाचा दाखला मिळताना किती हेलपाटे पडतात ते त्यालाच ठाऊक. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात गवंड्यांसाठी ४५ दिवसांचं प्रशिक्षण आहे, काम करता करता शिकवणारं. ती कल्पना उत्तम आहे आणि ती घरकुलांपुरती ठेवू नये.

परवानगीच्या वाटेने तरी तिसरा माणूस यायला हवा होता. २०२० च्या डिसेंबरमध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियमावली आली आणि २०२१ च्या सुरुवातीला ग्रामविकास विभागाने जाहीर केलं की ग्रामीण भागात सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला बांधकाम परवानगीची गरज नाही. मालकीची कागदपत्रं आणि इंजिनिअरच्या दाखल्यासह आराखडा ग्रामपंचायतीला दिला की पुरे, आणि ३,२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीच्या पातळीवरच काम होईल. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या खेपा वाचल्या, हे चांगलंच झालं. पण इंजिनिअरची सही आराखड्यावर होते. खड्ड्यात उतरून पाया बघायला आणि स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी जाळी तपासायला त्याला कुणी बोलवत नाही.

आवास योजनेच्या घरकुलांची कथा थोडी वेगळी. १ लाख २० हजार रुपये, रोजगार हमीची मजुरी, शौचालयाचे १२ हजार, आणि २०२५ मध्ये राज्याने जाहीर केलेली ५० हजारांची भर. त्यात किमान २५ चौरस मीटरचं पक्कं घर उभं करायचं. हप्ते टप्प्याटप्प्याने, काढलेल्या फोटोवर. पश्चिम भागातल्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांमध्ये खडी-सिमेंट वर चढवण्याचाच खर्च एवढा होतो की हा आकडा पायातच निम्मा संपतो. मग स्लॅब पातळ होतो, सळई विरळ होते. नियमाप्रमाणे घरकुल लाभार्थ्याने स्वतः बांधायचं, ठेकेदार लादायचा नाही. पण रोजंदारीवर जाणारं कुटुंब स्वतः बांधणार कसं? ते कुणाच्या तरी अंगावर देतं, आणि हप्ता आला की तो परस्पर त्याच्याकडे जातो. घर गळायला लागल्यावर दाद मागायला तिथे ना पावती असते ना करार. या वाड्यांमध्ये स्लॅबचा आग्रहच सोडावा, असं मला वाटतं. मजबूत बांधलेल्या भिंती, लिंटेलच्या पातळीला आरसीसी पट्टा, आणि वर चांगलं अंगाबाहेर आलेलं उतरतं छप्पर हे त्या पावसाला योग्य घर आहे. योजनेला ते चालतंही.

या दोन तालुक्यांतलं बांधकामाचं सगळ्यात मोठं प्रकरण मात्र खासगी घराचं नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. १५१ माणसं गेली. वाचलेल्यांसाठी जवळच आमडे इथे नवं गाव वसवलं गेलं, भूकंपरोधक बांधणीची घरं, शाळा, रस्ते, गटारं. २ एप्रिल २०१७ ला तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते घरांचा ताबा दिला गेला. आणि त्याच जूनच्या अखेरीच्या पावसात रस्ते खचले, गटारं फुटली, घरांभोवतीची भरावाची जमीन बसली. ज्या लोकांनी डोंगर खाली येताना पाहिला होता, त्यांच्या पायाखालची जमीन पुन्हा हलली. प्रशासनाने घरं सुरक्षित असल्याचं सांगितलं. भीतीने काही कुटुंबं पुन्हा जुन्या तात्पुरत्या शेडकडे गेली.

माझ्या म्हणण्याला माळीण छेद देतं, म्हणून त्यावर थांबायला हवं. तिथे तिसरा माणूस होता. इंजिनिअर होते, सल्लागार होते, सरकार स्वतः उभं होतं. तरी हे झालं, कारण उतारावर टाकलेल्या भरावाला बसायला वेळ लागतो आणि पाण्याला वाट लागते. घरं भक्कम झाली, पण त्यांच्या भोवतालच्या मातीची आणि पाण्याची व्यवस्था पहिल्या पावसाच्या परीक्षेआधी पक्की झाली नव्हती. माणसं तीन वर्षं शेडमध्ये होती, त्यामुळे घाई समजण्यासारखी होती. तरी त्या उतारावर एक पावसाळा भरावावरून जाऊ दिला असता तर बसणारी माती घरं देण्याआधी बसली असती. आणि दुसरी गोष्ट, तो तिसरा माणूस राहणाऱ्याला उत्तर देणारा हवा. माळीणच्या गावकऱ्यांना डोंगरातलं पाणी कुठून येतं हे कुठल्याही सल्लागारापेक्षा जास्त ठाऊक होतं. डोंगरउतार कापून घर बांधणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण लक्षात ठेवावं. घराच्या वरच्या अंगाला चर काढून पाणी बाजूने वळवणं हे तिथे पायाइतकंच महत्त्वाचं काम आहे.

नारायणगाव, मंचर, आळेफाटा इथे आता फ्लॅट उभे राहिलेत, आणि तिथला कायदा घेणाऱ्याच्या बाजूने बराच भक्कम आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष निघाला तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. नाही दिला तर भरपाई. मात्र जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर प्रकल्पाला रेराची नोंदणी लागत नाही. तालुक्याच्या गावातल्या लहान इमारती नेमक्या या मापात बसवलेल्या असतात. फ्लॅट घेण्याआधी महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा, एवढं तरी प्रत्येकाने करावं.

स्वतःच्या जागेत मिस्त्रीकडून घर बांधून घेणाऱ्याला रेरा नाही. त्याला ग्राहक कायदा आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. ग्राहक चळवळ आपल्याच जिल्ह्यात रुजली. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. १९९३ मध्ये घरबांधणी ही ‘सेवा’ आहे असं कायद्यात आलं आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात ते ठामपणे सांगितलं. पुढे २००८ मध्ये स्वतःची जमीन बिल्डरला बांधायला देणारा मालकही ग्राहक ठरू शकतो, असा निकाल आला. म्हणजे पैसे घेऊन घर बांधून देणारा ठेकेदार कायद्याच्या बाहेर नाही. आजच्या २०१९ च्या कायद्याप्रमाणे दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. आणि तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगातही ती दाखल होते. ओतूरच्या घराची तक्रार मुंबईत राहणारा चाकरमानी मुंबईतूनच करू शकतो. सल्ल्यासाठी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

कायद्याची मर्यादाही सांगायला हवी. आयोगापुढे पुरावा लागतो: पैसे दिल्याची नोंद, ठरलेल्या कामाचा कागद, तारखेचे फोटो, एखाद्या पात्र इंजिनिअरचा पाहणी अहवाल. रोख दिलेले आणि वहीत लिहिलेले पैसे तिथे लंगडे पडतात. शिवाय निकाल लागला तरी ज्या मिस्त्रीकडे घरातल्या भांड्यांपलीकडे काही नाही, त्याच्याकडून वसूल काय करणार? म्हणून खरी ताकद शेवटच्या हप्त्यात आहे. सरकारी कामात अनामत राखून ठेवतात आणि दोष दुरुस्तीची मुदत असते. तेच घरगुती कामात करावं. एकूण मजुरीचा दहावा हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचा आणि हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यायचं. बदल्यात आधीचे हप्ते ठरल्या दिवशी, बँकेतून, एक दिवसही न लांबवता द्यायचे. मग मिस्त्रीलाही त्या कागदाची भीती वाटत नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत सगळ्यात महाग पडतो तो अंदाज. छताला डाग जिथे दिसतो तिथूनच पाणी आत आलं असेल असं नाही; ते स्लॅबमधून वायरिंगच्या पाइपाने दहा-बारा फूट चालत येतं. गच्चीचे कप्पे करून एकेका कप्प्यात दोन-तीन दिवस पाणी साठवून बघितलं तर गळती सापडते. बऱ्याचदा दोष स्लॅबचा नसतोच. कठड्याच्या बुडाशी वाटा नीट घातलेला नसतो, पाइपाच्या तोंडाभोवती चीर असते, नाहीतर टाकीचा ओव्हरफ्लो एकाच जागी पडत असतो. ते काम दोन दिवसांचं असतं. उतार धरून विटांच्या तुकड्यांचा कोबा नीट केला तर वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. दुकानातून केमिकलचा डबा आणून ओल्या गच्चीवर ब्रश फिरवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. गंजलेली सळई दिसत असेल तर वर प्लास्टर थापू नये. सुटलेलं काँक्रीट काढून, गंज घासून, लेप देऊन पॉलिमर मॉर्टरने भरावं लागतं. आणि सळई निम्मी खाल्ली गेली असेल तर आधी खाली टेकू द्यावा आणि इंजिनिअरला बोलवावं.

पत्र्याबद्दलही बोलायला हवं. पश्चिम भागात तो चुकीचा उपाय नाही. पण तो नंतर जोडला जातो, चार खिळ्यांवर आणि कठड्याच्या विटांत अँगल रोवून. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर-आंबेगावच्या कित्येक घरांवरचे पत्रे उडाले. अँगल कॉलमच्या डोक्यातल्या सळयांना जोडले, पत्र्याच्या कडा जे-हुकने घट्ट बांधल्या तर तोच पत्रा टिकतो. वायरिंगबद्दल एवढंच सांगतो की अर्थिंगचा खड्डा आणि आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) या दोन गोष्टी बहुतेक घरांत राहून जातात. पावसाळ्यात ओल्या भिंतीत उतरलेला करंट माणसाचा जीव घेतो. हे दोन्ही आजच करून घ्यावं.

तिसरा माणूस आणायचा कुठून, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर या तालुक्यांतच आहे. आंबेगावात अवसरीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथे स्थापत्य शाखा आहे. जुन्नरमध्ये कुरणला आणि बेल्ह्याला खासगी महाविद्यालयं आहेत. शेवटच्या वर्षाची मुलं प्राध्यापकाच्या देखरेखीखाली एका घराला चार वेळा भेट देऊ शकतात: पाया खोदल्यावर, प्लिंथ बीमच्या वेळी, स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी आणि स्लॅबच्या दिवशी. ग्रामपंचायतीने नोंदणी घ्यावी, पंचायत समितीने गाठ घालून द्यावी, मालकाने माफक शुल्क द्यावं, आणि या भेटीत गावच्या गवंड्यांनाही बरोबर घ्यावं. यासाठी नवा कायदा लागत नाही. एका ग्रामसभेचा ठराव आणि महाविद्यालयाला एक पत्र पुरेसं आहे. दिवाळीनंतर नवी कामं निघतील. ज्या गावात यंदा पाच-दहा घरं उभी राहणार आहेत, तिथल्या सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हे पत्र त्याआधी पाठवावं. आणि ज्याचं स्वतःचं घर या वर्षी आहे, त्याने ग्रामपंचायतीची वाट न बघता मंचर, जुन्नर किंवा नारायणगावच्या एखाद्या इंजिनिअरला चार भेटींचे पैसे देऊन आत्ताच ठरवावं.